चितारआळींतील चार दिवस

कोंकणांत जाणारा प्रवासी बहुधा तीन कारणांनीं तिकडे वळतो. एक कुलदैवत, दुसरा समुद्र आणि तिसरे आंबे. या तिन्ही कारणांशीं आमचें भांडण नाहीं. परंतु ज्याच्या घरांत एखादा तरुण अगर प्रौढ गृहस्थ सुटीच्या दिवशीं लाकडाचा तुकडा व पटाशी घेऊन ओसरीवर बसतो, त्यानें चौथें कारण म्हणून सावंतवाडीची चितारआळी अवश्य पाहावी. लाकूड कोरण्याच्या छंदावर इंग्रजींत पुस्तकें पुष्कळ आहेत. पण त्यांतील लाकडें परदेशचीं, हवा परदेशची, आणि हत्यारांचीं नांवें तर आपल्या सुतारानें कधीं ऐकलेलींही नसतात. आपल्या मातींत वाढलेल्या लाकडाशीं कसें वागावें हें शिकावयाचें, तर तें लाकूड पिढ्यान्पिढ्या हाताळणाऱ्या माणसांच्या शेजारींच जाऊन बसलें पाहिजे.

गेल्या माघांत माझा पुतण्या आणि बारा वर्षांचा नातू यांना बरोबर घेऊन मी तेथें चार दिवस राहिलों. पुतण्या बँकेंत नोकरीस असून रविवार आला कीं कोरीव काम काढतो; नातवास त्याचें पाहून नाद लागला आहे. कोंकण रेल्वे सन १९९८ मध्यें सबंध सुरू झाल्यापासून सावंतवाडी मुंबईकरांस सोयीची झाली आहे. स्थानक मात्र गांवाबाहेर मळगांवीं आहे. आम्ही मुद्दाम बेळगांवाकडून आंबोलीचा घाट उतरून गेलों. वर आंबोलीस सकाळीं अंगावर शाल लागत होती; घाट संपतांच हवेंतील ओलावा अंगास चिकटूं लागला. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. प्रवाशास तो घटकाभर जाणवतो, लाकडास मात्र तो वर्षभर जाणवत राहतो.

गांवाचें जुनें नांव सुंदरवाडी. मध्यें मोती तलाव, त्याच्या कांठीं राजवाडा, आणि मागें नरेंद्र डोंगराची हिरवी भिंत. नांव ठेवणारानें अतिशयोक्ति केली असें म्हणवत नाहीं. राजवाडा तिसरे खेमसावंत यांच्या कारकीर्दींतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांतला. सावंतभोंसल्यांच्या आश्रयानें येथें चितारी मंडळींची वस्ती नांदली व त्यांच्यावरूनच आळीस नांव पडलें. राजवाड्याच्या दरबारी दालनांत आजही गंजिफा रंगविणारे कलावंत बसलेले दिसतात. दशावतारी गंजिफेचीं पानें एकशेवीस. दहा अवतार आणि प्रत्येकाचीं बारा पानें. पान वाटोळें. चिंचोक्याच्या खळीनें थर चिकटवून, खडूचा लेप देऊन, दगडानें घोटून तें सिद्ध करावयाचें आणि मग कुंचल्यानें चित्र काढावयाचें. ही कला अगदीं लोपण्याच्या बेतांत असतां श्रीमंत शिवरामराजे व राणी सत्त्वशीलादेवी या दांपत्यानें १९७१ च्या सुमारास वृद्ध कारागिरांस शोधून ती नव्या हातांत घातली. सत्त्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या. त्यांनीं लावलेला वेल मात्र जिवंत आहे.

चितारआळींत शिरतांच दोहों बाजूंस रंगाची जत्रा लागते. लाकडाचीं केळीं, सीताफळें, वांगीं, मिरच्या; भातुकलीचें सबंध स्वयंपाकघर; पाट, चौरंग, पाळण्यावरचीं पांखरें, कुंकवाचे करंडे. नातवानें एक पेरू उचलून वास घेतला तेव्हां दुकानांतील बाई हंसूं लागल्या. पण आम्हांस पाहावयाची होती ती दुकानामागची पडवी. तेथें एका सत्तरीच्या कारागिरांनीं आम्हांस चार दिवस शेजारीं बसूं दिलें. त्यांचें नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा, म्हणून लिहीत नाहीं. पहिल्याच दिवशीं त्यांनीं पुतण्याची पटाशी हातांत घेतली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि ती मुकाट्यानें बाजूस ठेवून दिली. मग म्हणाले, "मास्तरानू, लाकडाक इचारल्याशिवाय हत्यार लावची नाय. आणि बोथट हत्यार असला तर लाकडाकडे जावचाच नाय." आमच्या चार दिवसांच्या शिक्षणाचे हेच दोन अध्याय.

पहिला अध्याय लाकडाचा. चितारआळीचें जुनें खेळण्याचें लाकूड म्हणजे पांगारा. तें हलकें व मऊ असतें. मुलाच्या हातून पायावर पडलें तरी लागत नाहीं, आणि रंगाखालीं त्याचा साधेपणा झांकून जातो. परंतु बारीक नक्षी त्यांत टिकत नाहीं, कडा कुसकरतात. नक्षी शिकणारानें शिवणीपासून आरंभ करावा. शिवण मऊ असूनही तिचा पोत घट्ट, ती फारशी वाकत नाहीं व पटाशीस फार विरोध करीत नाहीं. हळदूही चांगला; त्याचा पिवळा रंगच शोभा देतो. आंबा स्वस्त व सर्वत्र मिळणारा, पण त्याचा धागा पुष्कळदां उलटसुलट असतो. साग सुंदर खरा, तथापि त्याच्या अंगांत वाळूच्या जातीचें द्रव्य असल्यामुळें धार लवकर जाते. शिसव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं हातीं घ्यावा. आरंभीं शिसव घेणें म्हणजे मुळाक्षरें शिकतांना पाणिनीचीं सूत्रें पाठ करण्यास बसणें होय.

लाकूड वाळण्याची गोष्ट याहून महत्त्वाची. लाकूड उभ्या अंगानें जवळजवळ आकसत नाहीं. आडव्या अंगानें आकसतें. त्यांतही वर्षवलयांच्या दिशेनें होणारा आकस गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसाच्या सुमारें दुप्पट असतो. म्हणूनच सबंध ओंडका वाळतांना हटकून तडकतो. ओंडका मधोमध चिरून, गाभ्याचा मधला बिंदू वगळून तुकडे काढले म्हणजे हा धोका पुष्कळ कमी होतो. पाणी सर्वांत वेगानें सुटतें तें तुकड्याच्या दोन्ही डोक्यांकडून. म्हणून तेथें मेण अगर जाड रंग लावून तीं बंद करावीं. आमच्या कारागिरांच्या पडवींत शेण-मातीचा लेप दिलेले तुकडे रचलेले होते, युक्ति तीच. उन्हांत लाकूड कधीं वाळवूं नये. सावलींत, मध्यें चिपा घालून, वारा खेळेल असें रचावें. सालीलगतचें पांढरें लाकूड टाकून द्यावें, कारण त्यांतील पिष्टावर भुंगेरा येतो आणि वर्षभरानें नक्षीखालून पिठासारखी भुकटी गळूं लागते.

येथें घाटाची गोष्ट पुनः आठवावी. कोंकणांत वाळलेलें म्हणून घेतलेलें लाकूड देशावर आणलें कीं तेथील कोरड्या हवेंत तें आणखी वाळतें. म्हणून पुण्या-सोलापूरच्या माणसानें तळकोंकणांतून आणलेला तुकडा लगेच कोरावयास घेऊं नये. आपल्या घरांतील हवेची त्याला कांहीं महिने ओळख होऊं द्यावी. सून नव्या घरांत आली म्हणजे तिलाही आपण थोडे दिवस देतोंच कीं!

हें सारें ऐकतांना मला वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वनसंप्रवेश नांवाचा अध्याय आठवला. मूर्तीसाठीं लाकूड आणावयास वनांत जाणाऱ्यानें कोणतें झाड घ्यावें व कोणतें वर्ज्य करावें, हें तेथें सांगितलें आहे. स्मशानांतलें, वाटेवरचें, विजेनें अगर वाऱ्यानें पाडलेलें झाड घेऊं नये. तोडण्यापूर्वीं त्याची पूजा करावी आणि त्यावर राहणाऱ्या भूतांस अन्यत्र जाण्याची विनंति करावी. यांतील धर्मभाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. परंतु पुढें एक सूचना अशी आहे कीं, झाडाच्या दिशा आणि त्याचा वरचा व खालचा भाग यांवर आधीं खुणा कराव्या. कारण मूर्ति झाडाप्रमाणेंच उभी राहिली पाहिजे. चितारआळींतील त्या पडवींत प्रत्येक तुकड्याच्या एका डोक्यावर कोळशाची फुली होती. ती कशासाठीं म्हणून विचारतां उत्तर मिळालें, "वरचो शेंडो खंयचो ता कळाक होया." त्या कारागिरांनीं बृहत्संहिता वाचली नव्हती, आणि जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या मला ती सूचना कशासाठीं आहे हें त्या फुलीनें शिकविलें.

दुसरा अध्याय धारेचा. बोथट हत्यारानें माणूस जोर लावतो, जोरानें हत्यार निसटतें, आणि निसटलेलें हत्यार डाव्या हाताकडे धांवतें. घरगुती अपघातांची सारी कथा या एका वाक्यांत आली. मऊ लाकडासाठीं पटाशीचा उतार वीस ते पंचवीस अंशांचा असावा. सहाणेवर तेल अगर पाणी घालून उतार सपाट टेकवावा व हात डुलूं न देतां घांसावें. पलीकडच्या बाजूस बोटास बारीक कंगोरा लागला म्हणजे समजावें कीं धार आली. मग तो कंगोरा सहाणेवर पाठ सपाट टेकवून काढावा आणि शेवटीं फळीवर डकवलेल्या चामड्यावर पटाशी मागें ओढून झिलई द्यावी. धार ओळखण्याच्या खुणा दोन. उजेडांत धारेकडे सरळ पाहिलें असतां बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते. खरी धार दिसतच नाहीं. आणि मऊ लाकडाच्या आडव्या धाग्यावर छेद घेतला असतां तो चकचकीत निघाला पाहिजे; तेथें पिंजल्यासारखें दिसलें तर पुनः सहाणेकडे जावें. अर्धा तास कोरून झाल्यावर चामड्यावर दहा वेळां ओढण्याची संवय लागली कीं सहाणेचें काम फार क्वचित् पडतें.

हत्यारें फार नकोत. एक, अर्धा व पाव इंच रुंदीच्या तीन सपाट पटाश्या, दोन गोल पटाश्या, एक इंग्रजी व्ही-सारख्या तोंडाची, लांकडी मोगरी, लहान करवत आणि सहाण. पेटीभर हत्यारें घेणाऱ्याची निम्मीं हत्यारें पेटींतच गंजतात. त्या पैशांत चांगल्या पोलादाचीं सहाच घ्यावीं.

आतां प्रत्यक्ष कोरणें. धागा कोणीकडे उतरतो हें पाहून त्याच दिशेनें कोरावें. केस विंचरतांना फणी मुळाकडून टोंकाकडे जाते, उलट गेली कीं गुंता होतो, लाकडाचेंही तसेंच. खळगा कोरावयाचा असेल तर दोन्ही कांठांकडून खालीं, मधल्या खोल जागेपर्यंत यावें. एका कांठाकडून उतरून दुसऱ्यावर चढूं नये, चढतांना धागा फाटतो. नवशिक्यानें पहिला धडा म्हणून पिंपळपान घ्यावें. पाऊण इंच जाडीच्या शिवणीच्या फळीवर पान काढावें. रेघेच्या किंचित् बाहेर पटाशी उभी धरून मोगरीनें हलके छेद द्यावे. हा उभा छेद म्हणजे कुंपण. आडवा छेद त्याच्यापलीकडे जात नाहीं व पान चिरत नाहीं. मग बाहेरून तिरपे छेद घेत त्या कुंपणाशीं यावें. असें थराथरानें सभोंवतीचें लाकूड पाव इंच खोल उतरवावें. त्यानंतर पानास बाक द्यावा, आणि शिरा सर्वांच्या शेवटीं. नवशिक्यास शिरांची घाई फार असते. घडण होण्यापूर्वीं काढलेल्या शिरा पुढच्या छेदांत वाहून जातात. काम संपेपर्यंत काचकागद, ज्याला सुतार पॉलिशपेपर म्हणतात, तो लावूं नये. त्याची वाळू लाकडांत रुतून बसते आणि पुढच्या छेदाला धार खाते.

बैठकीविषयीं एक इशारा. आपले जुने कारागीर जमिनीवर बसून, पायाच्या बोटांत तुकडा धरून कोरतात. तें पाहावयास रम्य, परंतु त्या पायांस पन्नास वर्षांची शिकवण असते. घरीं तुकडा शिकंज्यांत घट्ट आवळावा आणि दोन्ही हात नेहमीं धारेच्या मागें ठेवावे; मांडीवर ठेवून कधीं कोरूं नये. घांसतांना तोंड-नाक झांकावें. आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. म्हणून लहान मुलें व दमेकरी वृद्ध ज्या खोलींत निजतात तेथें हें काम नको. एकत्र कुटुंबांत ही गोष्ट घरच्या गृहिणीनें आग्रहानें पाळून घ्यावी.

तयार वस्तूस तेल द्यावयाचें तर जवसाचें द्यावें, खोबरेल देऊं नये. जवसाचें तेल हवेनें सुकून पापुद्रा धरतें. खोबरेल सुकत नाहीं व पुढें त्यास खंवट वास येतो. मात्र जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तें तेल सुकतांना उष्णता उत्पन्न होते, ती बोळ्यांत कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊं शकते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्या अगर पाण्यांत बुडवून टाकाव्या. झिलईसाठीं चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून पातळ पातळ हात द्यावे. एक जाड हात देण्यापेक्षां पांच पातळ बरे. मुलांच्या खेळण्यांस रंग घेतांना डब्यावर शिशाविरहित असल्याचें लिहिलेलें पाहूनच घ्यावा, कारण खेळण्याचा पहिला उपयोग तोंडांत घालणें हाच असतो.

तिसऱ्या दिवशीं कुडाळजवळ पिंगुळीस गेलों. तेथील ठाकर मंडळी चित्रकथी दाखवितात आणि कळसूत्री बाहुल्या नाचवितात. बाहुल्यांचीं लांकडी मुखें पाहण्यासारखीं आहेत. परशुराम गंगावणे यांना या कलेच्या जतनाबद्दल २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. हीं मुखें दुरून पाहावयाचीं. म्हणून नाक, भुंवई, हनुवटी ठळक, आणि बारकावा थोडा. चेहरा कोरणारानें येथें एक नियम शिकावा: आरंभीं नाक मोठें ठेवावें व डोळे लहान. मोठें नाक लहान करतां येतें, लहान डोळा मोठा करतां येतो. उलट मात्र होत नाहीं. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब आणि केळफुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हाच विचार तेथेंही दिसेल. डोळ्यापासून दूर असलेलें काम ठळक व खोल असलें पाहिजे, हातांत घ्यावयाचा करंडा मात्र नाजूक हवा.

चौथ्या दिवशीं निरोप घेतांना मीं त्या वृद्ध गृहस्थांस विचारलें, "घरांत पुढें कोण करणार?" त्यांचा एक मुलगा गोव्यांत हॉटेलांत आहे, दुसरा मुंबईस. सून रंगकाम करते, व तें फार सुबक करते. परंतु लाकूड पारखणारा व घडविणारा हात त्यांच्यामागें घरांत नाहीं. प्लास्टिकच्या खेळण्यापुढें लांकडी पेरूची किंमत गिऱ्हाइकास जास्त वाटते, आणि गिऱ्हाईक घासाघीस करतें. हें त्यांनीं तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. पाऊस उशिरां आला असें सांगावें तसें सांगितलें. माझा पुतण्या मात्र खालीं पाहत राहिला. तीन रविवार खर्चून त्यानें एक पान कोरलें होतें. त्या मापानें समोरच्या करंड्याची किंमत काय, हें त्यास आतां कळत होतें.

आमच्या वर्गांतील माणसानें पटाशी हातीं घ्यावी ती याच कारणासाठीं, असें मला वाटतें. आपल्या घरांत पोथीला हात लावण्यापूर्वीं हात धुण्याची चाल आहे. हातास घट्टे पडूं देण्याची चाल नाहीं. तक्षा, वर्धकी, त्वष्टा, रथकार हे शब्द अमरकोशांतून मीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतले, आणि ते मुलांस पाठही झाले. परंतु लाकडाचा धागा कोणीकडे उतरतो हें त्यांतील एकासही सांगतां आलें नसतें. महात्माजींनीं १९३७ सालीं वर्ध्यास जी शिक्षणयोजना मांडली, तींत हातानें करावयाच्या उद्योगास मध्यस्थान दिलें होतें. त्या योजनेचें शाळांत जें झालें तें झालें. घराच्या ओसरीवर ती चालविण्यास कोणाचीही परवानगी लागत नाहीं.

हौशी माणसानें कारागिराच्या पोटावर पाय द्यावा असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपण कोरावें तें घरासाठीं, विकण्यासाठीं नव्हे. आणि विकत घ्यावयाचें तें कारागिराकडूनच, सांगितल्या किंमतीस. ज्यानें स्वतः एक पान कोरलें आहे त्याच्या तोंडून घासाघिशीचा शब्द निघत नाहीं. येत्या सुटींत कोंकणांत जाणाऱ्या कुटुंबांनीं एक दुपार चितारआळीसाठीं राखून ठेवावी, मुलांस दुकानापेक्षां मागील पडवींत अधिक वेळ बसवावें, आणि परत येतांना लांकडी फळांच्या टोपलीबरोबर शिवणीचा एक वाळलेला तुकडाही आणावा. त्याच्या कोणत्या डोक्यावर फुली आहे, तें विचारून घेण्यास विसरूं नये.